हिरडीवरची निळी रेघ

माझी शाळा तिसरीत सुटली. तरी उलटी अक्षरं वाचण्यात मला गिरगावात कोणी हरवलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला अडाणी समजून वाचायला नको. छापखान्यातले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, आरशात दिसावीत तशी उलटी असतात. ती एकेक उचलून ओळ जुळवायची, हे माझं काम. ज्या मास्तरने मला "डोक्यात दगड भरलेत" म्हणून वर्गाबाहेर काढलं, तोच पुढे मी जुळवलेलं पंचांग चष्मा लावून वाचत असणार. मला तेवढं पुरे होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. राहायला लालबाग, कामाला गिरगाव. घरात मी आणि आई. वडील गिरणीत होते, मी लहान असतानाच गेले. लग्नाचं वय झालं तेव्हा काळाचौकीचं एक स्थळ आलं. मुलगी मी आधी एका लग्नात पाहिली होती, पंगतीत भात वाढताना. एक आगाऊ माणूस सारखा हात दाखवून मागत होता, त्याला ती म्हणाली, "आधी पानातलं संपवा, मग मागा." मला ती तिथेच पटली. पुढचं सगळं अडलं होतं तिच्या मामावर. त्या घरात बापाचा शब्द मागे आणि मामाचा पुढे.

मामा रविवारी मुलगा बघायला आला. काटक माणूस, मिशी जाड, खालचा ओठ आवळून बोलायची सवय. स्वतः कुठे काम करतो ते विचारलं तर म्हणाला, "गोदीच्या बाजूला." तेवढंच. माझी मात्र उलटतपासणी.

"काम कुठं?"

"गिरगावात, छापखान्यात."

"नक्की छापखान्यात?"

"नाहीतर काय, देवळात?"

ह्यावर आईने मला डोळ्यांनी दाबलं. तिने चहा आणि नारळाच्या वड्या आणून ठेवल्या. मामा चाळीतल्या नळावरच्या भांडणाचं काहीतरी बोलला आणि मी हसलो. तशी त्याने कपबशी खाली ठेवली.

"परत हस बघू."

"का?"

"हस म्हणतो ना."

सांगून कुठे हसू येतं? मी नुसते दात दाखवले. हा उठून जवळ आला, माझा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला आणि मला धरून गॅलरीच्या उजेडाकडे वळवलं.

"पोटात कळ मारते?"

"नाही."

"परसाकडे साफ होतं?"

आई तोंड फिरवून आत गेली.

"हात पुढे कर. असे. आता पंजे वर उचल."

कवायतीला उभा राहावं तसा मी उभा. माझे कान तापले.

"रे रोडला कोण आहे तुझं?"

"कोणी नाही."

"तिकडे कधी कामाला होतास?"

"सांगितलं ना, गिरगावात आहे म्हणून."

"बघ हां. आत्ता खरं सांगितलंस तर बरं."

"मामा, मी काय बाजारातला बैल आहे? दात बघून झाले, आता शेपूट पिळून बघा."

तो हसला नाही. "कळवतो," म्हणाला आणि अर्धा चहा तसाच टाकून गेला.

मी आरसा घेऊन गॅलरीत गेलो. खालच्या दातांच्या मुळाशी, जिथे हिरडी दाताला भिडते त्या काठावर, एक रेघ होती. काळसर निळी. पोस्टातल्या जांभळ्या पेन्सिलीने ओढावी तशी बारीक. मला ती त्या दिवसापर्यंत दिसली नव्हती, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. "झिला, माझ्या मिश्रेच्या डब्याक हात लावलंस काय?"

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. चाळीतल्या निम्म्या बाया सकाळी दातांना तीच चोळत. आईचे दात त्याने काळे पडले होते आणि हिरड्या करपलेल्या भाकरीसारख्या. मी तंबाखूला कधी शिवलो नव्हतो. पान नाही, विडी नाही. सकाळी बाभळीची काडी, ती नसली तर कोळशाची पूड. माझे दात पांढरे होते आणि मला त्यांचा गर्व होता, का नसावा?

"मी कशाला तुझी मिश्री खाऊ?"

"मगे तोंड उघड." तिने बोट घालून हिरडी घासून पाहिली, बोट पदराला पुसलं. "ही मिश्रेची नाय. मिश्री दातार बसता. हिरड्येच्या कडेक असो दोरो काढणा नाय." पण दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा फडताळातून नाहीसा झाला. माझ्यावर विश्वास आहे म्हणाली आणि डबा लपवला.

मग जो तो कारण सांगायला लागला. शेजारी म्हणाला, कोळशाची पूड हिरडीत शिरून बसते. मी पूड सोडून पांढरं दंतमंजन आणलं. रेघ तिथेच. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, "लोखंडाचं औषध घेतोस का? त्याने दात काळे पडतात." मी कसलंच औषध घेत नव्हतो. शेवटी एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, आईला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "पाऱ्याचं औषध घेतलंयस कुणाकडून?"

"नाही."

"लाजू नको. तरुण वयात पाय घसरतो."

मी जिना उतरता उतरता थांबलो, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. पारा कुठल्या रोगावर देतात ते परळ-लालबागच्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. परत वर जाऊन त्यांचा खल उपडा करावा असं वाटलं. आई विचारत राहिली, काय म्हणाले, काय म्हणाले. मी म्हटलं, गुळण्या करायला सांगितल्यात.

एकदा डोक्यात संशय शिरला की तो सगळीकडे फिरतो. मला खात्री झाली की मामाच्या मनात दुसरं स्थळ आहे. बहुतेक गोदीतलं, त्याच्या ओळखीतलं. मला नाही म्हणायला काही कारण पाहिजे, म्हणून तो माझ्या तोंडात बोट घालून शोधतोय. रे रोडचं काय काढलं होतं त्याने? तिकडच्या लाकडांच्या वखारींमागे दारूचे गुत्ते होते. म्हणजे मी तिकडे प्यायला जातो असं त्याला म्हणायचं होतं. मनात मी त्याला रोज उत्तरं देत होतो, एकाहून एक कडक.

काळाचौकीहून ना हो आलं ना नाही. तेवढ्यात मोर्चात पोलिसांनी आमची रांगच्या रांग उचलली आणि गाडीत कोंबली. तुरुंगात काही आठवडे गेले. तिथे विडीकाडीवाचून भले भले लोक भिंतीला डोकं टेकून बसायचे, माझं काही अडलं नाही. सुटून आलो तर चाळीच्या दाराशी हार घेऊन चार लोक उभे, आणि त्यांच्या मागे मामा. हाराबिराचं त्याला काही नव्हतं. तो सरळ पुढे आला.

"ओठ खाली कर."

लोकांसमोर तमाशा नको म्हणून मी केला. त्याने वाकून पाहिलं.

"फिकटली," तो म्हणाला. "वाटलंच होतं." आणि चालायला लागला.

आई म्हणाली, "काय वाटला तेका?"

मी म्हटलं, "दुसरं काय वाटणार! आत तंबाखू मिळाली नाही, म्हणून रेघ गेली. झालं, माझ्यावर शिक्का बसला." आरशात पाहिलं तर खरंच, रेघ जवळजवळ पुसली होती. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी चिडलो. माझीच हिरडी माझ्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळी झाली होती. काळाचौकीला जाऊन खुलासा कर, असं आईने दहा वेळा सांगितलं असेल. मी गेलो नाही. ज्याने चोरी केली नाही त्याने खिसे का उलटे करून दाखवायचे?

पुन्हा कामावर लागलो. छापखान्यात तेव्हा सभांची पत्रकं फार यायची, आणि मालकाला सगळीकडे पोलीस दिसायचे. समोरच्या चहाच्या दुकानात कोणी उगाच रेंगाळला की आमचा फोरमन म्हणायचा, "सी.आय.डी." फोरमन म्हातारा, तोंडात कायम पान-तंबाखू. आमच्याकडे सगळ्यांचीच तोंडं तशी, लाल-काळी रंगलेली. पांढऱ्या दातांचा मी एकटा. ते मला चिडवायचे, "पान खा रे, तोंडाला रंग येऊ दे. कोण बघतंय मग तुझी रेघ?"

त्या आठवड्यात समोर खरंच एक माणूस दिसायला लागला. दुपारी येई, छत्री टेकून उभा राही आणि आमच्या दारातून आत बघत बसे. माझी केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची ती उतरती पेटी, खोलीच्या आतल्या अंगाला होती. तिथून मला त्याची फक्त छत्री दिसायची.

"आज त्याला आत घ्या," फोरमन म्हणाला.

मशीनवरचे दोघे गेले आणि त्याला दंडाला धरून घेऊन आले. मी त्या वेळी गॅलीवर वाकून चुका दुरुस्त करत होतो. गॅली म्हणजे जुळवलेल्या ओळींचं ताट. एका हातात खिळे उपसायचा टोच्या, दुसऱ्या हाताने ओळ दाबून धरलेली. अशा वेळी बदलायचे काने-मात्रा कुठे ठेवायचे? चांभार जसे जोड्याला ठोकायचे मोळे ओठांत धरतो तसे आम्ही खिळे ओठांत धरायचो. बारीक काना खाली सांडला तर फरशीच्या फटीत गेला म्हणून समजा. मान वर केली तर समोर मामा!

"ह्याला ओळखतोस का रे?" फोरमनने मला विचारलं.

माझ्या तोंडात सात-आठ खिळे. मी म्हटलं, "अंऽ."

"ओळखत नाही म्हणतोय. बोल, कुठल्या चौकीचा तू?"

"अहो, चौकी कसली? ह्याचं लग्न ठरवतोय मी!"

"लग्न? पोलीस आता लग्नं पण जुळवायला लागले?"

"अरे, सांग की ह्यांना!" मामा माझ्यावर ओरडला.

"अंऽ अंऽ," मी म्हटलं. मशीनवाल्याने त्याची कॉलर धरली.

मामाची नजर माझ्या तोंडावर खिळली. "ह्याच्या तोंडात काय आहे?" त्याने झटका देऊन कॉलर सोडवली. "थुंक. काय आहे ते थुंक आधी!"

मला वाटलं, ह्याला आता तंबाखू सापडल्याचा आनंद होणार. होऊ दे. मी टोच्या ठेवला, तळहात तोंडाखाली धरला आणि सगळे खिळे त्याच्यावर सोडले. ओले, चकचकीत काने, दोन मात्रा, एक वेलांटी.

"हे माझे होणारे मामेसासरे," मी फोरमनला म्हटलं. "निदान आत्तापर्यंत होते."

मामाने माझ्या तळहातावरून एक काना उचलला. हातात वजन घेतलं. मग भिंतीवर ओढला. चुन्यावर राखाडी रेघ उठली.

"शिसं," तो म्हणाला.

"शिसं नाही तर काय सोनं?" फोरमन म्हणाला. "बाकी थोडा भेसळीचा धातू असतो."

मामा खाली, कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी रे रोडला रंगाच्या कारखान्यात आहे. बोटींना लावतात तो शेंदरी रंग. शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसं. जे तो चाळतात त्यांच्या हिरडीवर ही रेघ येते. मग पोटात मुरडा येतो, माणूस गुडघे पोटाशी घेऊन लोळतो. मग पंजा लोंबायला लागतो. तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, हा आमच्याच शेडमधला कुठलातरी. आमच्यात मुलगी कोणी देत नाही, म्हणून छापखाना सांगतोय. तुरुंगात रेघ फिकटली तेव्हा माझी खात्रीच झाली. म्हणून बघायला आलो, तू खरंच इथे असतोस का."

"म्हणजे मी खोटारडा?"

"तू मला काय समजत होतास?"

"मुलगी दुसरीकडे द्यायचीय म्हणून खुसपट काढणारा."

"हं," तो म्हणाला. "मग फिट्टंफाट झाली."

मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. "मामा, तुम्ही माझं तोंड दोनदा बघितलंत. आता तुमचं उघडा."

त्याने ओठ आणखी आवळला. फोरमन, मशीनवाले, सगळे बघत होते. मग त्याने स्वतःच अंगठा लावून खालचा ओठ खाली केला. माझी रेघ पेन्सिलीची होती. त्याची टाकाने, शाई भरून ओढल्यासारखी होती.

फोरमन गुपचूप मोरीवर गेला. तिथे आरशाचा तुकडा होता. ओल्या फडक्याने पानाचा रंग पुसून त्याने बराच वेळ पाहिलं. परत आला तो नवं पान तोंडात भरूनच.

खरं कळलं म्हणून माझं काम सोपं झालं असं नाही. मामा जाताना दारात म्हणाला, "तंबाखू असती तर मी सोडवली असती. हे काम सोडशील?"

"नाही."

"मग माझी भाची मी तुला देणार नाही. आमच्या घरात एक पुरे."

त्या संध्याकाळी मी लालबागला न उतरता काळाचौकीला गेलो. मुलाने स्वतः असं जायचं नसतं, मला माहीत होतं. दार उघडं होतं. तिचे वडील, मामा, दोघंही बसलेले. ती मागे मोरीत भांडी घासत होती, तिची पाठ दिसत होती.

मी उभ्यानेच बोललो. "मी काम सोडणार नाही. मला दुसरं येत नाही, आणि येत असतं तरी सोडलं नसतं. मला अक्षर मास्तरने नाही दिलं, खिळ्यांनी दिलं. एवढंच सांगायला आलो. आता नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा."

तिचे वडील मामाकडे बघायला लागले. मामा म्हणाला, "तोंडावरच सांगितलंय."

मोरीतून भांड्यांचा आवाज थांबला. "ते खिळे तोंडात धरायलाच लागतात का?" तिने वळून न बघता विचारलं.

कोणाला विचारलं ते कळेना. मी म्हटलं, "सवय आहे."

"सवय आहे का लागतात?"

"लागत नाहीत. वाटीत ठेवता येतील."

"जेवताना हात धुता?"

"धोतराला पुसतो."

"काळेच हात? आणि त्यांनीच भाकरी मोडता?"

मामा म्हणाला, "तू मध्ये बोलू नको गं."

आता ती वळली. हाताला राख तशीच. "मामा, तुमचा ओठ मी लहानपणापासून बघत आलेय. मामीने कधी हात धरून तुम्हाला नळाखाली नेलं नाही. मी नेईन." मग माझ्याकडे बघून, "खिळे वाटीत. हात साबणाने. आणि दर महिन्याला मी ओठ खाली ओढून बघणार. रेघ जाड झाली तर काम सुटलं. चालत असेल तर बोला."

"ही बघणार म्हणे," मामा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता.

मला तोवर कोणी अटी घातल्या नव्हत्या. मालकाने एकदा घातली होती, तेव्हा मी दोन दिवस कामावर गेलो नव्हतो. मी मान हलवली. मान हलवली, खाली घातली नाही, हे तिथल्या सगळ्यांनी पाहिलं.

लग्नात मामा तिच्या पाठीशी उभा होता. अक्षता त्याच्या मुठीत राहत नव्हत्या, बोटांच्या फटींतून गळत होत्या. तो दुसऱ्या हाताने मूठ धरून ठेवायचा.

तिने शब्द पाळला. अमावस्या झाली की सकाळी मला गॅलरीत उभं करायची आणि ओठ ओढायची, आजूबाजूचे बघत असले तरी. पहिल्या वेळी रेघ फिकी का होईना, दिसत होती.

"खोटं बोलता. तोंडात धरता अजून."

"नाही धरत."

"मग हात धूत नाही."

दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरीशेजारी कागदात गुंडाळलेली साबणाची चकती होती, वडीचा सुरीने काढलेला काप. घरी आलो की आधी डबा उघडायची, भाकरी संपली का ते नाही, चकती झिजली का ते बघायला. बोटाने चाचपायची, वास घ्यायची. नुसती ओली करून आणली तरी ओळखायची म्हणे. मी काम करत होतो तेवढी वर्षं ती चकती डब्यात आली, आणि रेघ पुन्हा जाड झाली नाही.

आता माझे दात गेले. कवळी आहे, तिच्या हिरड्या गुलाबी प्लॅस्टिकच्या, त्यांच्यावर रेघ येईल कुठून? तरी सकाळी ती कवळी धुते तेव्हा चष्मा लावून खिडकीपाशी नेते. मी एकदाही साबण कोरडा परत आणला नाही, हे मी तिला परवा पुन्हा सांगितलं. कवळी उजेडाकडे फिरवत ती म्हणाली, "दोनदा आणला होतात."

"कधी?"

"मला माहीत आहे कधी. हे काय आहे इथे काठावर?"

"चहा."

"बघू," ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.